करंगळीची रेघ

चौकटरावांच्या तोंडात तीळ भिजत नसे. हे त्यांच्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, शेजाऱ्यांना ठाऊक होतं, आणि सर्वांत जास्त त्यांच्या थोरल्या बहिणीला. दुकान फ्रेमा बनवण्याचं, त्यामुळे खरं नाव कधीच मागे पडलं आणि लोकांनी ठेवलेल्या नावालाच ते खुशाल ओ देऊ लागले. काच कापताना माणूस गप्प राहतो म्हणतात. हे काच कापतानाही बोलायचे. दुकानासमोरून कोणी नुसतं चाललं असलं तरी "काय, कुठे निघालात?" हे विचारल्याशिवाय त्याची सुटका नसे. त्याने कुठे ते सांगितलं, की कशाला आणि कुणाबरोबर हेही ओघाने यायचंच.

मुलगी मात्र बापावर गेली नव्हती. सोळा वर्षांची झाली तरी तिचं बोलणं दिवसाकाठी मोजकंच. आई दवाखान्यात परिचारिका. तिच्या पाळ्या कधी सकाळच्या, कधी दुपारच्या, त्यामुळे पोर दुकानातच वाढली. पुठ्ठ्याचा तुकडा दिसला की त्यावर रेघ ओढायची. फरशीवर, काउंटरखाली, एकदा तर बाप वाकून खिळे ठोकत असताना त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवरसुद्धा. तेव्हापासून तिचं नाव रेघोटी. घरातले सगळे शब्द बापाने वापरून टाकले, पोरीच्या वाट्याला रेघाच उरल्या, असं आई म्हणायची.

आणि काय रेघ होती ती! चौकटरावांच्या हाताखालून आजवर शेकडो चित्रं काचेआड गेली होती. चांगलं काय आणि भिंत झाकण्यापुरतं काय, हे त्यांना कळत होतं. रेघोटी काही सजवत नसे. जे आहे ते काढायची, आणि जसं आहे तसं काढायची. फक्त पेन्सिल फार दाबायची. चित्र उलटं करून मागून बोट फिरवलं तर रेघ हाताला लागायची. "अगं, कागद आहे तो, दगड नाही," असं बाप नेहमी ओरडायचा. "खोडायची वेळ आली तर काय करशील? खाच राहते." ती म्हणायची, "मग खोडायचं नाही."

चौकटरावांची थोरली बहीण, म्हणजे रेघोटीची आत्या, एक घर चालवायची. मार खाऊन खाऊन शेवटी पोरांसकट बाहेर पडलेल्या बायका तिथे राहायच्या. दारावर पाटी नाही, घंटीखाली नाव नाही. दोनच नियम: पत्ता कुणाला सांगायचा नाही, आणि तिथल्या कुणाचा चेहरा ना फोटोत यायचा ना चित्रात. चौकटरावांना पत्ता माहीत होता, कारण एकदा त्यांनी तिथे मोठा आरसा पोचवला होता. फाटकापर्यंतच. "भाऊ आहेस, पण पुरुष आहेस," ताईने तेव्हा बजावलं होतं, "आणि त्यातून तुझं तोंड. उचलली जीभ की लावली टाळ्याला. हा रस्ता विसर." चौकटराव दुखावले होते. पण विसरले नव्हते.

रेघोटी दर शनिवारी तिथे जायची. तिला कुणी पाठवलं नव्हतं. आत्याने एकदा पोरांसाठी जुने रंग मागितले, ही रंग घेऊन गेली आणि जातच राहिली. पोरांना चित्रकला शिकवायची, त्यांची नाकं पुसायची, आणि पोरांच्या खोलीच्या भिंतीवर तिने एक भलीमोठी बस रंगवली. आता चेहरे तर काढायचे नाहीत. मग तिने काय केलं, बसच्या प्रत्येक खिडकीतून एकेक हात बाहेर काढला. हलणारा, टाटा करणारा, आणि ज्याचा त्याचा हुबेहूब. कुणाच्या मनगटावरचा तीळ, कुणाची कुरतडलेली नखं. नवीन पोर आलं की त्याला आधी खिडकी मिळायची. पोर घर सोडून गेलं की तो हात रंगाने बुजवून पुढच्याला जागा. पोरं स्वतःची खिडकी बघायला सकाळी दात न घासता पळायची, असं आत्या सांगे.

ती बस बघून बायका म्हणाल्या, आमचेही काढ की. म्हणून तिने त्यांचे हात काढायला घेतले. भांडं घासणारा हात, पोराची वेणी घालणारा हात, नुसता मांडीवर पडलेला हात. त्यातला सर्वांत सुंदर हात शिवणबाईचा होता. ती दवाखान्याच्या चादरी शिवायची. रेघोटीच्या आईनेच ते काम मिळवून दिलं होतं. घरातल्या दोन बायकांना तिने मशीनवर बसवलं होतं आणि त्यांच्यावर मास्तरणीसारखी डाफरायची. तिची डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती. बाकीची बोटं कापड धरायची, करंगळी आपली वेगळीच वर. अंगठ्याचं नख उभं चिरलेलं, आणि अंगठीच्या बोटावर पांढुरका पट्टा, अंगठी होती तिथे.

चित्र काढता काढता रेघोटीने विचारलं होतं, "मावशी, ही करंगळी अशी कशी झाली?"

शिवणबाईने कापडावरची नजर न उचलता सांगितलं, "त्या दिवशी जेवणात मीठ जास्त पडलं होतं."

मशीन चालूच राहिलं. रेघोटीही काढत राहिली, पण हे तिने घरी कुणाला सांगितलं नाही. चौकटरावांना तर नाहीच.

त्या वर्षी वाचनालयाने उगवत्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं आणि रेघोटीचे हात निवडले गेले. सगळे. तिने एकेक बाईला जाऊन विचारलं, चित्र लावू का. आत्यालाही विचारलं. आत्याने बराच विचार केला, पण नियम चेहऱ्याचा होता, आणि इथे चेहरा नव्हता. शिवणबाई तर हसलीच. "हात बघून कोण ओळखतंय गं? लाव. माझा हात तरी जाऊ दे चारचौघांत मिरवायला." खिशाखिशात कॅमेरा यायच्या आधीची ही गोष्ट, लोक अशा गोष्टींना फारसे बिचकत नसत.

प्रदर्शनाच्या दिवशी चौकटराव सकाळपासून हजर. फ्रेमा त्यांच्या, पोरगी त्यांची, मग काय विचारता! वाचनालयाच्या माडीवरच्या सभागृहाच्या दारातून कुणी आत आलं की ते यजमानासारखे पुढे व्हायचे. बाकीच्या मुलांची चित्रं आधी दाखवायचे, म्हणजे कुणी पक्षपात म्हणायला नको, आणि मग सावकाश हातांच्या भिंतीकडे न्यायचे. रेघोटी कोपऱ्यात एका स्टुलावर बसून जमिनीकडे बघत होती. बाप बोलत असला की तिला जमीन फार आवडायची.

दुपारी एक गृहस्थ आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हलका आवाज. भाचीचं चित्र आहे म्हणून आलो, म्हणाला. भाचीचं चित्र त्याने पाहिलं, कौतुकही केलं, आणि जाता जाता हातांच्या भिंतीपाशी थांबला. एकेक चित्र बघत पुढे सरकला. शिवणबाईच्या हातासमोर आला आणि तिथेच खिळला.

चौकटराव लगेच बाजूला. "माझ्या मुलीचं आहे. ती बघा, ती बसलीय. सोळाची आहे, पण नजर बघा!"

"फार हुबेहूब आहे," गृहस्थ म्हणाला. त्याने बोट उचललं आणि काचेवर, त्या वळलेल्या करंगळीवर अलगद टेकवलं. "ही दारात सापडली होती. मीच डॉक्टरांकडे नेलं. पट्टी लवकर सोडली तिने. ऐकायचीच नाही कुणाचं."

"म्हणजे ओळखीचा हात निघाला की तुमच्या!"

"माझ्या बायकोचा आहे."

त्याने चष्मा काढला. डोळे पुसले. हळू आवाजात सांगू लागला, तिच्या मनावर थोडा परिणाम झालाय, एक दिवस न सांगता निघून गेली, पोलिसांत तक्रार दिली, नातेवाइकांकडे खेटे घातले, घर खायला उठतं. चौकटरावांचं काळीज लोण्याचं. त्यांच्या डोळ्यांतही पाणी आलं. नियम त्यांना आठवला, नाही असं नाही. पण नियम वाईट माणसांसाठी असतात, आणि वाईट माणूस असा इस्त्रीच्या शर्टात उभा राहून रडत नाही, असा त्यांचा आजवरचा भाबडा समज होता.

"कुठे असते हो ती?" गृहस्थाने विचारलं.

"अहो, फार लांब नाही. तुम्ही असं करा, पाण्याच्या टाकीपर्यंत जा, आणि टाकीच्या पुढे—"

खळ्ळकन आवाज झाला. सगळं सभागृह वळलं. रेघोटी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या पायाशी एका फ्रेमची काच फुटून पसरली होती. फ्रेमवाल्याची पोर! रांगत होती तेव्हापासून काचांमध्ये वावरली, पण आजवर एक टवका उडवला नव्हता तिने. चौकटरावांचं तोंड उघडंच राहिलं, वाक्य अर्धंच राहिलं.

रेघोटी काचांवरून चालत आली. चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबांना काही माहीत नाही," ती गृहस्थाला म्हणाली. "हा हात कुणाचा नाही. मी मनाने काढलाय."

"मनाने," गृहस्थ म्हणाला. तो हसला. "चिरलेलं नखसुद्धा मनाने?" त्याने चष्मा परत चढवला. "समोरच चौकी आहे. मी पोलीस घेऊन येतो, म्हणजे आपल्याला नीट बोलता येईल. तुम्ही कुठे जाऊ नका."

तो जिन्याकडे गेला. चौकटराव पोरीवर खेकसणार होते. तोंडाशी आलंच होतं, की बिचाऱ्या दुःखी माणसाशी असं बोलतात का? तेवढ्यात तिने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, ते बोट दारात नाही सापडलं. त्या दिवशी जेवणात मीठ जास्त पडलं होतं. मावशीने सांगितलं मला."

चौकटरावांना आधी अर्थच लागला नाही. मग लागला. पायाखालची जमीन सरकते असं ते आजवर नुसतं बोलत आले होते. आज ती खरोखर सरकली आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. त्या भिंतीवर चित्र होतं, चित्रात ती करंगळी होती. जगात ती करंगळी कुणी ओळखलीच असती तर ती मोडणाऱ्यानेच. दुसरं कुणी कशाला लक्षात ठेवेल? आणि आपण त्या माणसाला टाकीपर्यंत पोचवून आलो होतो. आणखी दोन शब्द, आणि तो दारात उभा राहिला असता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या जिभेची भीती वाटली.

"चित्र घेऊन पळू या," ते कसेबसे म्हणाले.

"मग त्याला खात्रीच पटेल," रेघोटी म्हणाली. तिने चित्र भिंतीवरून उतरवलंसुद्धा होतं. "पक्कड आहे ना खिशात?"

पक्कड चौकटरावांच्या खिशात नाही असं कधी झालं नव्हतं. सभागृहाच्या मागे पुस्तकं बांधायची लहानशी खोली होती, तिथे दोघं शिरली. चौकटरावांनी फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागचा कागद टरकावला, पिना उपटल्या. हा उद्योग ते झोपेतही करू शकले असते, पण त्या दिवशी पक्कड दोनदा हातातून निसटली. रेघोटीने खोडरबर घेतलं आणि ती सुंदर, वाकडी, खरीखुरी करंगळी खोडायला सुरुवात केली. चौकटरावांना ते बघवेना. मग तिने तिथे सरळ करंगळी काढली. कापड धरणारी, बाकीच्या बोटांना चिकटून. अंगठीचा पांढरा पट्टा पेन्सिलने भरला. चिरलेलं नख गुळगुळीत केलं.

"खाच दिसतेय," चौकटराव पुटपुटले. तिरप्या उजेडात कागदावर जुनी रेघ स्पष्ट होती.

"काचेतून नाही दिसणार."

त्यांनी काच बसवली, पिना ठोकल्या, चित्र होतं तिथे अडकवलं. मागचा फाटका कागद भिंतीकडे गेला. जिन्यावर बुटांचा आवाज येत होता.

पोलीस जेवणावरून उठून आलेला दिसत होता; हात अजून ओले होते. गृहस्थ त्याला सरळ चित्राकडे घेऊन गेला. "हे बघा. ही करंगळी बघा कशी आहे—" आणि तो थांबला.

पोलिसाने वाकून पाहिलं. "कशी आहे? करंगळीसारखी करंगळी आहे."

गृहस्थ चित्राकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा मऊपणा कुणीतरी पुसून काढावा तसा गेला. तो एकदा चित्राकडे बघे, एकदा शेजारच्या चित्रांकडे, जणू हात चालत दुसऱ्या फ्रेममध्ये गेला असेल. "हे नाही. हे बदललंय. यांनी बदललंय! काच काढा."

सगळे चौकटरावांकडे बघू लागले. एरवी हा माणूस अशा वेळी गोष्टीवर गोष्ट सांगत सुटला असता. चौकटराव म्हणाले, "माझ्या फ्रेमची काच माझ्याशिवाय कुणी काढत नाही. आणि मी काढणार नाही." पुढे एक शब्द नाही.

"साहेब," पोलीस कंटाळून म्हणाला, "तक्रार आहे ना तुमची? चौकशी चालू आहे. आता काय मी गावातले सगळे हात गोळा करू?" आणि तो निघून गेला.

गृहस्थ मात्र गेला नाही. पोलिसाचे बूट जिन्यावर दूर जाईपर्यंत थांबला. मग पुन्हा तेच मऊ हसू चेहऱ्यावर आणून रेघोटीपुढे हात केला, जसा मोठी माणसं शाबासकी द्यायला करतात. आजूबाजूला लोक होते. तिने नकळत हात पुढे केला.

"हात चांगला आहे तुझा," तो म्हणाला.

चौकटरावांना आधी फक्त पोरीचा चेहरा दिसला. तोंड उघडलं होतं आणि आवाज येत नव्हता. मग त्यांनी खाली पाहिलं. त्या माणसाने तिचा हात हातात घेतला होता आणि अंगठ्याने तिची करंगळी मागे, आणखी मागे दाबत होता. तोंडाने हसत होता. लोकांना वाटलं असतं, कौतुक चाललंय. हा माणूस हे पहिल्यांदा करत नव्हता. घरात, स्वयंपाकघरात, असाच उभा राहून, असंच हसत केलं असणार त्याने. त्यांनी काही विचार केला नाही. आयुष्यभर काच दाबून कापणाऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि तो सोडेपर्यंत सोडलं नाही.

गृहस्थाने शर्टाची बाही नीट केली. जाता जाता, जणू बसचा थांबा विचारतोय, अशा आवाजात म्हणाला, "पाण्याची टाकी म्हणालात, नाही का?"

चौकटराव वाचनालयाच्या टेलिफोनपाशी कसे पोचले ते त्यांना नंतर आठवेना. ताईने फोन उचलला. त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, टाकीसकट. मग ताई फक्त "बरं" म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्या एका शब्दाने चौकटराव जागच्या जागी खाली बसले, आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघोटीच्या आईने निरोप पाठवला: दवाखान्याच्या मागच्या अंगणात या, चित्र घेऊन. तिथे चादरी वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, आणि कोपऱ्यात दवाखान्याची गाडी उभी होती, जी रक्ताचे नमुने घेऊन दुसऱ्या गावी जायची. गाडीपाशी ताई, आणि वाळत्या चादरींच्या आड शिवणबाई. हातात एक पिशवी. बस्स, तेवढंच सामान. मशीन घराचं होतं, ते मागे राहिलं. तिच्या दोन विद्यार्थिनी मागे राहिल्या. अर्ध्या शिवलेल्या चादरी मागे राहिल्या.

रेघोटीच्या करंगळीला आईने पट्टी बांधली होती. मोडली नव्हती, पण सुजली होती. ती चादरीपाशी जाऊन उभी राहिली.

"तुला कोणी सांगितलं होतं गं," शिवणबाई म्हणाली, "इतकं हुबेहूब काढायला?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात इतका राग होता की चौकटरावच दोन पावलं मागे सरकले. "नीट बस्तान बसत होतं माझं. पहिल्यांदा. रात्री झोप लागायला लागली होती. आता परत नवी खोली, परत नवे लोक, परत दाराचा आवाज झाला की उठून बसायचं. एका चित्रापायी!"

"चूक माझी आहे, बाई," चौकटराव म्हणाले. "टाकी मी बोललो."

"तुम्ही बोललात. हिने काढलं. आणि लाव म्हणून मी हसत हसत सांगितलं." तिची नजर रेघोटीच्या पट्टीवर गेली. "त्याने?"

रेघोटीने मान डोलावली.

शिवणबाईचा राग उतरला, असं म्हणता येणार नाही. पण तो त्या पोरीवरून उठला. तिने पिशवी खाली ठेवली. "आण ते चित्र. बघू दे काय केलंस ते."

चौकटरावांनी चित्र फ्रेममधून आधीच काढून आणलं होतं. पळणाऱ्या माणसाला काचेचं ओझं काय कामाचं? शिवणबाईने कागद दोन्ही हातांत धरला. सरळ करंगळी, गुळगुळीत नख, अंगठीचा पट्टा नसलेलं बोट. ती बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा काही बदलला, की रेघोटी घाबरून म्हणाली, "मावशी, मी मुद्दाम चुकीचं काढलं, तो येत होता म्हणून—"

"चुकीचं नाहीये," शिवणबाई म्हणाली. "असाच होता. लग्नाच्या आधी माझा हात असाच होता. मी विसरले होते."

चौकटरावांच्या अंगावर काटा आला. पोरीने तो हात कधी पाहिला नव्हता, पाहणं शक्यच नव्हतं.

शिवणबाईने कागदावरून बोट फिरवलं. वाकडी करंगळी त्या सरळ करंगळीवरून गेली आणि थांबली. "हे काय लागतंय?"

"आधीची रेघ आहे. खोडली, पण जात नाही. मी फार दाबते."

बोट त्या खाचेतून पुन्हा एकदा गेलं. मधल्या पेरापर्यंत, आणि मग बाहेर वळलं. "पेन्सिल आहे?"

"आहे."

"मग काढ ती परत."

"पण मावशी, कुणी ओळखलं तर?"

"माझ्याजवळच राहणार आहे, कोण बघतंय? ही सरळ बोटाची बाई चांगली होती, पण तिला शिवता येत नव्हतं." तिने कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून दोन्ही कडांनी दाबून धरला. "चादरी मी ह्या हाताने शिवल्यात. आणि अजून पुष्कळ शिवायच्यात. काढ."

रेघोटीने पेन्सिल घेतली. पट्टीतली करंगळी मिटेना, ती वरच राहिली, बाकीच्या बोटांपासून वेगळी. शिवणबाईच्या ते लक्षात आलं. रेघोटीच्याही. तिचे डोळे भरून आले, कागद धूसर झाला, पण काही अडलं नाही. पेन्सिल खाचेत टेकवली आणि रेघ आपली आपण वाट काढत गेली.

गाडीवाल्याने घाई केली. शिवणबाईने चित्राची गुंडाळी करून पिशवीत घातली, जाताना रेघोटीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आत जाऊन बसली. ताईने दार लावलं. काच अर्धी खाली होती. चौकटराव गाडीच्या अगदी जवळ उभे होते, आणि ओळखीच्या-अनोळखी कुणालाही, साध्या भाजीला निघालेल्या माणसालासुद्धा, त्यांनी आजवर एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं. शिवणबाई त्यांच्याकडे बघत थांबली.

चौकटरावांनी फक्त मान हलवली, आणि गाडी कुठल्या बाजूला वळते ते दिसू नये म्हणून पाठ फिरवून चादरींकडे बघत उभे राहिले.